सत्तर वर्षांचं वचन

३१ डिसेंबरच्या रात्री वाशीमपासून पुण्यापर्यंत अनेक चर्चमध्ये वर्षअखेरची उपासना होते. काही ठिकाणी टोपलीतून वचनाचं कार्ड उचलायचं, आणि तेच तुमचं वर्षभराचं वचन. सकाळपर्यंत त्या ओळी उगवत्या सूर्याच्या फोटोवर चढून व्हॉट्सॲप स्टेटसला लागतात. त्यात हमखास असतं यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमचं वाईट नाही, चांगलंच आहे. पुढे आशा आहे, असा त्याचा भाव.

गेल्या वर्षी माझ्या हाती हेच कार्ड आलं होतं. मार्चमध्ये नोकरी गेली. अशा वेळी दोनच निष्कर्ष सुचतात: वचन खोटं, नाहीतर माझा विश्वास कमी. मी तिसरं काम केलं. ते वाक्य जिथून उचललं आहे, तो अख्खा अध्याय वाचला.

ते एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमचा राजा, सरदार आणि कारागीर यांना पकडून घेऊन गेला. त्या लोकांना मागे राहिलेल्या यिर्मयाने हे पत्र पाठवलं. त्यात आधी साध्या सूचना आहेत: घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या वचनात मुदत येते, सत्तर वर्षं. अकरावं वचन त्यानंतर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. हे दहावं वचन छापलेलं कार्ड मी अजून पाहिलेलं नाही.

त्याच्या आधीचा अध्याय तर आणखी बोलका आहे. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो सगळ्यांसमोर मोडतो. यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणतो, कारण तसं व्हावं असं त्यालाही वाटतं. पण पुढे तो हनन्याला तोंडावर खोटा ठरवतो. माझा आक्षेप इथे आहे: नव्या वर्षाचं कार्ड शब्द यिर्मयाचे घेतं आणि आवाज हनन्याचा लावतं. सत्तर वर्षांचा धीर बारा महिन्यांच्या गॅरंटीत बसवतं. मग डिसेंबरमध्ये हिशेब जुळत नाही, आणि दोष वाचणाऱ्याच्या माथी येतो.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट लवकर कळायला हवी. मराठी बायबलमध्ये देव एकट्या माणसाशी ‘तू’ म्हणून बोलतो. इथे ‘तुम्ही’ आहे. तो आदरार्थी नाही, अनेकवचनी आहे. वचन एका करिअरला दिलेलं नाही, एका समाजाला दिलेलं आहे.

वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे, चर्च ऑफ द नाझरीनचं. हे चर्च जॉन वेस्लीच्या परंपरेतलं. वेस्लीने १७५५ मध्ये लंडनमध्ये कराराची उपासना सुरू केली, आणि पुढे मेथडिस्टांमध्ये ती नव्या वर्षाची प्रथा झाली. तिच्यात माणूस देवाकडे वर्षाची हमी मागत नाही. काम मिळो की रिकामं बसावं लागो, मी तुझाच, असं स्वतःच सांगतो. म्हणजे कार्डाला उत्तर याच परंपरेत होतं.

मराठीत हा धीर सर्वांत खरा मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दिसतो. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. कोणीतरी आश्वासन दिलं आणि त्यांचं मन पालटलं, असं काही झालं नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरही सोवळंओवळं सुटायला वेळ लागला. बाप्तिस्मा घेईपर्यंत पाचेक वर्षं गेली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात त्या ही तगमग लपवत नाहीत, उलट स्वतःलाच हसतात. मोडलेल्या घरात चूल पेटती ठेवणं, पै-पैशाची ओढाताण, आलागेला: यिर्मयाच्या पत्रातल्या सूचना जगणं म्हणजे हेच असावं.

दवाखान्यात उशाशी ते कार्ड ठेवून रात्र काढणाऱ्याला मी अख्खा अध्याय वाच असं सांगणार नाही. त्या रात्रीपुरतं एक वाक्य पुरे. पण पंचविशीत घर सोडून परक्या शहरात भाड्याने राहणाऱ्या आपल्याला ते पत्र पूर्ण वाचायची गरज आहे. कारण ते परत कधी जाल यापेक्षा तोवर कसं राहाल, यावर जास्त बोलतं. यंदा कार्ड मिळालं तर मी त्याच्या मागच्या बाजूला पेनने दहावं वचन लिहिणार आहे.