गेलेल्यांचा हिशेब

लाटव्हियाचे तेव्हाचे पंतप्रधान वाल्दिस डोम्ब्रोव्स्किस आणि अर्थतज्ज्ञ अँडर्स ऑस्लुंड यांचे ‘हाउ लॅटव्हिया केम थ्रू द फायनान्शियल क्रायसिस’ (२०११) मी दोनदा वाचले. पहिल्यांदा पटले. दुसऱ्यांदा जनगणनेचे आकडे शेजारी ठेवले.

२००८ मध्ये परदेशी पैशाचा ओघ आटला, पारेक्स बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. चलनाचे अवमूल्यन करा, असे अनेक जण सांगत होते. सरकारने लॅटचा युरोशी बांधलेला दर सोडला नाही. सरकारी पगार कापले. कडू औषध एका घोटात घेतले म्हणून देश वाचला, असा लेखकांचा दावा. २०१० च्या सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी २०१३ मध्ये १२ टक्क्यांवर आली, हे खरेच.

पण बेकार माणूस यादीतून दोन वाटांनी गळतो : काम मिळून, नाहीतर देश सोडून. २००४ मध्ये युरोपीय संघात प्रवेश मिळताच ब्रिटन, आयर्लंड, स्वीडनची दारे उघडली होती. २००० मध्ये लोकसंख्या २३.८ लाख होती, २०११ मध्ये २०.७ लाख. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त हे एक कारण. मोठे कारण स्थलांतर. गणतीआधीचा सरकारी अंदाज तर सुमारे दीड लाखाने चुकला होता. माणसे गेली होती, कागदावर राहिली होती.

चलन एक असेल तर माणसांनी हलले पाहिजे, हे रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ मध्येच मांडले. अमेरिकेतल्या राज्यांत मंदीनंतर मुख्यतः माणसेच हलतात, हे ब्लांशार आणि कॅट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवले. पण मिशिगनचा कामगार टेक्ससला गेला तरी त्याचा केंद्रीय कर त्याच तिजोरीत पडतो. रिगाची परिचारिका डब्लिनला गेली की कर तिकडे, आणि तिच्या आईची पेन्शन इकडे. इथे मंडेल यांचा सिद्धांत मला अपुरा वाटतो. पुस्तकात तर हा प्रश्न कडेलाच राहतो.

मजुरी लवचीक होती म्हणून निभावले, हेही अर्धेच. खाजगी पगार सरकारी पगारांइतके उतरले नाहीत. स्पर्धाक्षमता सावरली ती मजुरी घटल्यापेक्षा उत्पादकता वाढल्याने, असा निष्कर्ष ब्लांशार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काढला.

अवमूल्यनाने माणसे थांबली असती का? आइसलंडचा क्रोना कोसळला, तरी २००९ मध्ये तिथूनही आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त होते. कित्येक नॉर्वेत पोचले. फरक नंतरचा. काही वर्षांत तिथे येणारे पुन्हा वाढले. लाटव्हियाने २०१४ मध्ये युरो स्वीकारला, आणि त्यानंतरही अनेक वर्षे जाणाऱ्यांचेच पारडे जड राहिले.