नाममुद्रा कोणाची? : मार्ली मार्लच्या पहिल्या अल्बमविषयी

गीताचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने नाममुद्रेत दिले आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही जिची जन्मभूमी मानली जाते, ती जनाबाई अभंगाच्या अखेरीस आपले नाव गोविते आणि कर्तृत्वाचा प्रश्न मिटतो. हिपहॉपमधील रॅप, म्हणजे तालावर केलेले सयमक पठण, करणारा कवीही स्वतःचे नाव आग्रहाने उच्चारतो. दोन्हीकडे नाव बोलणाऱ्याचेच असते. न्यूयॉर्कचा संगीतरचनाकार मार्ली मार्ल याच्या ‘इन कंट्रोल, व्हॉल्यूम 1’ (1988) या पहिल्या अल्बमने मात्र हा संकेत मोडला. मुखपृष्ठावर नाव त्याचे. कडवी मास्टर एस, क्रेग जी, रॉक्झॅन शांटे इत्यादी पाहुण्यांची. मग मार्लला कर्ता कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

तो केवळ संकलक आहे, हे उत्तर सहज सुचणारे, परंतु अपुरे आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील ड्रमचा एकेक आघात सुटा करून तो यंत्रावर नव्या क्रमाने वाजविण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने मार्लला दिले जाते. पाहुण्या कवीने कोठे थांबावे, कोठे धावावे, याच्या शक्यता या तालरचनेतच निश्चित होतात. जात्यावरील ओवीत दळणाची गती आणि शब्द एकाच देहातून उमटतात. येथे गती देणारा हात आणि बोलणारे मुख विभक्त झाले आहेत. कर्तृत्वही त्यामुळे विभागले जाते. नाहीसे होत नाही.

‘द सिम्फनी’ हे गीत याचे उत्तम उदाहरण होय. ओटिस रेडिंगच्या ‘हार्ड टू हँडल’मधून घेतलेला पियानोचा लहानसा तुकडा त्यात फिरत राहतो. मास्टर एस, क्रेग जी, कूल जी रॅप आणि बिग डॅडी केन एकामागून एक येतात. मध्ये ध्रुपदाचा विसावा नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर, चार भिन्न वाणींतील विरोधलय एका स्थिर तालाच्या आधारे समतोलास पोहोचते. हा समतोल चौघांपैकी कोणा एकाचा नव्हे. तो मार्लचा आहे. तथापि, अल्बममधील बरीच गीते एकेका कवीची आहेत. तेथे हा ताण उरत नाही आणि ती केवळ शेजारी मांडल्यासारखी वाटतात. ‘इन कंट्रोल’ या शीर्षकातील दावा म्हणूनच सर्वत्र सिद्ध होत नाही.

मराठी रॅपच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येणार नाही. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या समूहाच्या ‘द वारली रिव्होल्ट’ (2019) मध्ये आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज पाहुणा म्हणून येतो. अशा गीताचे शब्द तेवढे कागदावर उतरवून आपण त्याचे मूल्यमापन करू लागलो, तर ज्याने त्या आवाजाला जागा करून दिली तो कर्ता आपल्या समीक्षेतून वगळला जाईल. तालाचे वाचन हा येथे संहितेच्या वाचनाचाच भाग मानला पाहिजे.