आर्मेनियन म्हणी : अर्थ, प्रसंग आणि मालकी

लिखित आर्मेनियन वाणीचा आरंभ सुभाषितांच्या ग्रंथापासून झाला, असे परंपरा सांगते. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स याने आर्मेनियन लिपी सिद्ध केली आणि त्याचा शिष्य कोर्युन याने लिहिलेल्या चरित्रानुसार त्या लिपीत उतरलेले पहिले वाक्य बायबलमधील 'नीतिसूत्रे' या ग्रंथाचे होते. मात्र ते सुभाषित परक्या भूमीतले, ग्रंथस्थ आणि एका राजाच्या नावावर नोंदलेले. शेतात, चुलीपाशी, बाजारात वावरणाऱ्या देशी म्हणी पद्धतशीरपणे कागदावर येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 'सासूनचा दाविद' हे महाकाव्य लोकमुखातून प्रथम टिपून १८७४ मध्ये प्रसिद्ध करणारे धर्मगुरू गारेगिन स्रवांज्त्यान्त्स यांनी १८७६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे 'मनाना' हा लोकसाहित्याचा संग्रह काढला. त्यात वान परिसरातील म्हणी आणि उखाणे त्या त्या बोलीसह आले. पुढे आराम घनालान्यान यांचा 'आरात्सानी' हा बृहत्संग्रह १९६० मध्ये येरेवान येथून प्रसिद्ध झाला आणि आर्मेनियन म्हणींच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक लाभली.

या संग्रहांविषयी कृतज्ञता बाळगूनही एक प्रश्न विचारावा लागतो. म्हण आणि तिच्यासमोर तिचा अर्थ, या मांडणीत म्हणीचे नेमके काय होते? आर्मेनियन भाषेत म्हणीसाठी 'आरात्स' आणि वाक्प्रचारवजा उक्तीसाठी 'आसात्स्वात्स्क' अशा दोन संज्ञा आहेत. दुसरी 'आसेल', म्हणजे 'म्हणणे', या धातूवरून आली आहे. मराठीतील 'म्हण'ही 'म्हणणे'वरूनच आली. दोन्ही भाषांनी नावातच सुचवले आहे की ही वस्तू ठेवण्याची नसून उच्चारण्याची आहे. संग्रह मात्र ती ठेवतो. आल्फ्रेड मॅन्वेअरिंग यांनी १८९९ मध्ये मराठी म्हणी शेती, प्राणी, शरीरावयव अशा खणांत लावल्या, तेव्हा त्यांचेही तेच झाले.

म्हण हे परिस्थितीचे चिन्ह आहे, असे सोव्हिएत अभ्यासक पेर्म्याकोव यांनी मांडले. बार्बरा कर्शनब्लाट-गिम्ब्लेट यांनी १९७३ च्या निबंधात आणखी पुढे जाऊन दाखवले की एकाच भाषेतील वक्तेही एकाच म्हणीचे परस्परविरुद्ध अर्थ लावतात. अर्थ वाक्यात बंदिस्त नसतो, प्रयोगात निश्चित होतो. 'पाणी जाते, वाळू राहते' ही आर्मेनियन म्हण घ्यावी. क्षणिक ते वाहून जाते आणि टिकाऊ ते उरते, हा तिचा कोशगत अर्थ. परंतु पाहुणे निघून गेल्यावर घरच्यांना उद्देशून ती म्हटली तर तिच्यात दिलासा आहे, आणि सुकल्या पात्राकडे पाहून म्हटली तर विलाप. वाळू हे मूल्य की अवशेष, हे वाक्य सांगत नाही.

याहून अधिक बोलके उदाहरण 'आघ्‌चिक, केझ एम आसूम. हार्स, दू ल्सिर' या उक्तीचे आहे. 'लेकी, तुला सांगते आहे. सूनबाई, तू ऐक.' मराठी वाचकाच्या ओठी तत्काळ 'लेकी बोले सुने लागे' येईल, आणि दोन्ही एकच म्हणून तो पुढे जाईल. साम्य खरेच विलक्षण आहे, पण भेद पाहण्याजोगा आहे तो क्रियापदांत. आर्मेनियन उक्तीत बोलणारी स्वतः उपस्थित आहे. ती प्रथमपुरुषात बोलते, दोघींना संबोधते, आणि आपली युक्ती लपवीतही नाही. मराठी म्हण तृतीयपुरुषी आहे. तिच्यातली सासू उच्चारातून वजा झाली आहे; उरले आहे ते बोलणे आणि 'लागणे'. ऐकण्याच्या जागी लागणे आले, म्हणजे म्हणीचे केंद्र बोलणारीकडून जिला झळ पोचली तिच्याकडे सरकले. एक सासूची म्हण आहे. दुसरी, तिऱ्हाइताच्या तोंडी असली तरी, सुनेची बाजू घेऊन बसली आहे.

'तू ऐक' या आज्ञेचे वजन आर्मेनियन ग्रामीण कुटुंबाच्या रचनेतून येते. जुन्या एकत्र कुटुंबात नव्या सुनेने सासऱ्याशी आणि वडीलधाऱ्यांशी बोलू नये, असा निर्बंध होता. तो महिनोन्‌महिने, कित्येक घरांत वर्षानुवर्षे चाले. तोंडावर वस्त्र असे. या सक्तीच्या मौनातून सुनांची एक खाणाखुणांची भाषा घडली. आर्मेनियन भाषेला 'हायेरेन' म्हणतात. त्याच घडणीचे 'हार्सनेरेन' हे नाव या खुणांच्या भाषेला मिळाले आहे. 'हार्स' म्हणजे नवरी आणि सूनही. नवरीपण संपले तरी शब्द बदलत नाही. जिला प्रत्युत्तराचा अधिकारच नाही तिला 'ऐक' म्हणणे ही सूचना राहत नाही, ती तिच्या स्थानाची आठवण होते. 'अप्रत्यक्षपणे दोष दाखवणे' असा गोळीबंद अर्थ संग्रहात दिला जातो तेव्हा चूक काहीच नसते, फक्त ते घर नाहीसे होते.

उलट दिशेची घाई 'त्सावद तानेम' या उक्तीबाबत होते. 'तुझी वेदना मी घेऊन जाईन' असा तिचा शब्दार्थ. आजी नातवाला, भाजीवाली गिऱ्हाइकाला, मित्र मित्राला हे सहज म्हणतो. पुष्कळदा तिचा भार 'बाळा' किंवा 'राजा' यांहून अधिक नसतो. परदेशी लेखकांना मात्र तिच्यात १९१५ च्या संहाराचे सार दिसते. हा अर्थ हृद्य आहे, पण उगम म्हणून तो टिकत नाही. फारसीत 'दर्देत बे जानम', तुझे दुखणे माझ्या जिवावर, ही जवळजवळ तीच उक्ती रूढ आहे. पीडा एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, ही त्या साऱ्या प्रदेशाची जुनी श्रद्धा. मराठीत तिच्या जागी कृती आहे: म्हातारी मुलाच्या तोंडावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडते आणि त्याची अलाबला घेते. असे असले तरी, संहारातून वाचलेल्या आजीने बैरूत वा मार्सेय येथे नातवाला 'त्सावद तानेम' म्हटले असेल, तेव्हा त्या शब्दांना पूर्वी नसलेले वजन आले असणारच. उगमाचा दाखला देऊन ग्रहणाचा अर्थ खोडता येत नाही. दोन्हींची गल्लत मात्र करू नये.

उगमाचा प्रश्न अखेर मालकीपाशी येतो. लेक-सुनेची उक्ती तुर्की भाषेत जवळजवळ शब्दशः आढळते. 'जितक्या भाषा जाणशील तितकी माणसे आहेस' ही आर्मेनियनांची म्हणून सर्वत्र उद्धृत होणारी म्हण तुर्कीत 'एक भाषा, एक माणूस' अशा आटोपशीर रूपात आहे. (येथील 'मार्द' म्हणजे माणूस, फारसीतून मराठीत आलेल्या 'मर्द'चा तो सगोत्र, पण मिशीवर ताव न देणारा.) कोणी कोणाकडून घेतले, हा वाद राष्ट्रीय संग्रहांना प्रिय असतो, आणि १९१५ नंतर तो केवळ विद्वत्तेचा राहू शकत नाही. ज्यांची गावे गेली त्यांनी आपल्या म्हणी घट्ट धराव्यात, हे समजण्यासारखे आहे. तथापि इतिहास या हद्दी मानत नाही. अनातोलियातील कित्येक आर्मेनियन कुटुंबांची घरची भाषा तुर्कीच होती. वार्तान पाशा यांची 'अकाबी' ही तुर्की कादंबरी १८५१ मध्ये आर्मेनियन लिपीत छापली गेली. आद्य तुर्की कादंबरीचा मान अनेक अभ्यासक तिलाच देतात. व्हेर्झिने स्वाझ्ल्यान या संशोधिकेने संहारातून वाचलेल्यांकडून जी गाणी टिपली त्यांत तुर्की भाषेतील गाणीही आहेत: आपल्यावर कोसळलेल्या अनर्थाचे गाणे माणसे त्याच भाषेत गात होती, कारण त्यांच्यापाशी तीच होती. अशा घरातल्या सासूने लेकीला पुढे करून सुनेला चार शब्द तुर्कीत सुनावले असतील, तर ती म्हण कोणत्या संग्रहात नोंदवायची, याचे उत्तर भाषावार रचलेल्या कोशांपाशी नाही.