‘स्वायत्त’ मार्गनिर्णय : एका संज्ञेची चिकित्सा

अवकाशयानाने तारे व ग्रहपृष्ठावरील खुणा स्वतः न्याहाळून, पृथ्वीच्या संदेशाची वाट न पाहता, आपले स्थान ठरविणे यास ‘स्वायत्त मार्गनिर्णय’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप यंत्रावर नसून या विशेषणावर आहे.

तारा व खूण ही दोन्ही चिन्हेच. परंतु ती एका जातीची नव्हेत. तारा हे विशेषनाम होय. अपोलो यानांच्या गणकयंत्रात ३७ ताऱ्यांना क्रमांक दिलेले होते. क्रमांक सांगितला की संदर्भ निश्चित झाला. नाव कोणते, हा प्रश्न गौण. (गस ग्रिसमने आपल्या ‘आयव्हन’ या मधल्या नावाची रोमन अक्षरे उलटी करून शर्मिष्ठेतील एका ताऱ्याला ‘नावी’ म्हटले. १९६७ च्या आगीत तो गेला. थट्टा मात्र तारानकाशात राहिली, आणि तिच्यामुळे कोणाचा मार्ग चुकला नाही.)

खुणेचे तसे नाही. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून जिम लॉव्हेलने २८ पट विवर्धनाच्या कोनमापकातून तारा व क्षितिज यांमधील कोन मोजले. पण वातावरणामुळे पृथ्वीची कड धूसर दिसते. ‘कड’ नेमकी कोठे, हे पाहणाऱ्याची नजरच ठरविते. म्हणून ती नजर किती उंचीवर स्थिरावते याचा अंदाज हिशेबात धरावा लागे. शिवाय मुख्य भिस्त पृथ्वीवरील रेडिओ-मापनावरच होती.

मानवी डोळा वगळला म्हणजे स्वायत्तता आली काय? २० ऑक्टोबर २०२० रोजी ओसायरिस-रेक्स यान बेन्नू या लघुग्रहावर उतरले, तेव्हा पृथ्वीचा संदेश तेथे पोहोचण्यास सुमारे साडेअठरा मिनिटे लागत होती. यानाने कॅमेऱ्यातील चित्रे साठविलेल्या खुणांशी ताडून वाट काढली. मूळ योजना लेसरने अंतर मोजण्याची होती. पृष्ठभाग अपेक्षेहून फारच खडकाळ निघाल्याने ती मागे पडली, आणि जे खडक विघ्न ठरले होते त्यांतूनच खुणा निवडल्या गेल्या. ही निवड मात्र पृथ्वीवरील माणसांनी, आधीच्या छायाचित्रांवरून केली होती. कोश त्यांनी रचला. यानाने तो वाचला.

एक अधिकार यानाकडे निश्चित होता : उतरण्याची जागा धोक्याची दिसल्यास माघारी फिरण्याचा. तेवढ्यापुरते ‘स्वायत्त’ हे पद मान्य करावे. एरवी ‘स्वयंवाचक’ म्हटल्यास कोशकारांचे श्रम झाकले जाणार नाहीत, आणि एखादी खूण चुकीची नोंदली गेल्यास दोष कोणाचा, हेही संदिग्ध राहणार नाही.