जाहिरातीची विभाजित चाचणी : निर्णय आणि कारण

लेखनाचे मूल्य वाचकांच्या संख्येवरून ठरवावे की नाही, हा समीक्षेतील जुना वाद आहे. शोधयंत्राच्या पृष्ठावरील जाहिरातींपुरता तो मिटला आहे असा समज आढळतो. एकाच वस्तूविषयी दोन मजकूर लिहावयाचे, ते वाचकांत यदृच्छेने वाटावयाचे आणि ज्यावर अधिक क्लिक पडतील तो राखावयाचा, अशी ही 'विभाजित चाचणी' होय. परंतु तिने मिळणारा निर्णय आणि त्या निर्णयाचे कारण या दोन गोष्टी भिन्न आहेत.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील टपालविक्रीत सापडते. क्लॉड हॉपकिन्स याने 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' (1923) या ग्रंथात तिचे शास्त्र मांडले. प्रत्येक जाहिरातीच्या कुपनावर वेगळी खूण छापली, की कोणत्या शीर्षकाने किती मागण्या आणल्या हे मोजता येई. शीर्षकाचे कार्य सर्वांना आकर्षिण्याचे नसून योग्य वाचक निवडण्याचे आहे, हे त्याचे प्रतिपादन विशेष महत्त्वाचे आहे.

2002 मध्ये गूगलने आपल्या जाहिरातींसाठी क्लिकमागे मोल आकारण्याची पद्धती स्वीकारली, तेव्हा या प्रतिपादनाला नवे वजन आले. समजा, 'पियानो सहज शिका' आणि 'प्रौढांसाठी पियानोवर्ग, मासिक शुल्क 1,500 रुपये' अशी दोन शीर्षके आहेत. पहिल्यावर अधिक क्लिक पडणे संभवनीय आहे. पण त्यांत मुलांसाठी वर्ग शोधणारे आणि शुल्क पाहून परतणारेही असतील, आणि जाहिरातदारास त्या प्रत्येकाचे मोल द्यावे लागेल. दुसरे शीर्षक अशा वाचकाला दारातच थांबविते. तेव्हा केवळ क्लिकांची मोजणी उत्तम गद्याला पराभूत ठरवू शकते.

संख्येचाही विवेक आवश्यक आहे. प्रत्येक मजकूर 1,000 वेळा दाखविला आणि क्लिक अनुक्रमे 30 व 40 आले, तर हा फरक केवळ योगायोगाने पडणे सहज शक्य आहे. 10,000 वेळा दाखवून 300 व 400 आले, तर मात्र योगायोगाचे स्पष्टीकरण टिकत नाही. प्रमाण तेच, परंतु निर्णयाचे बळ निराळे.

निर्णय पक्का झाला तरी कारण अज्ञात राहू शकते. येथे संस्कृत साहित्यशास्त्राची आठवण अप्रस्तुत ठरू नये. अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हे ठरविताना मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अन्वयव्यतिरेकाचा आधार घेतला. शब्द काढून त्याचा पर्याय ठेवावा. अलंकार नाहीसा झाला तर तो शब्दाचा, टिकला तर अर्थाचा. बाकीचे सर्व स्थिर ठेवून एकच घटक बदलणे हे या परीक्षेचे मर्म आहे. वरील दोन शीर्षकांत वाचकवर्ग, शुल्क आणि आवाहनाचा सूर ही तिन्ही बदलली आहेत. म्हणून त्यांतील विजयाचे श्रेय कोणत्याही एका घटकास देता येत नाही. केवळ शुल्काचा उल्लेख गाळून तुलना केली असती, तर एक लहानसे पण खरे ज्ञान हाती आले असते.

हे ज्ञान आता अधिक दुर्मिळ होऊ लागले आहे. 30 जून 2022 नंतर गूगलवर जुन्या स्थिर घडणीच्या शोध-जाहिराती नव्याने रचता येत नाहीत. लेखक 15 पर्यंत शीर्षके व 4 पर्यंत वर्णने पुरवितो. यंत्र त्यांतून जुळणी करते. एका वेळी 3 शीर्षके व 2 वर्णने घेतली, तर क्रमभेद धरून 32,760 जुळण्या संभवतात. शीर्षकाचे स्थान निश्चित करण्याची आणि स्वतंत्र प्रयोग आखण्याची मुभा लेखकास आहे. ती न वापरल्यास त्याच्याकडे यश येते, समज येत नाही.

तात्पर्य, विभाजित चाचणी ही समीक्षेची प्रतिस्पर्धी नव्हे. कोणता प्रश्न विचारावयाचा, कोणता शब्द बदलावयाचा आणि कोणते फल मोजावयाचे, हे चाचणीपूर्वीच ठरलेले असावे लागते; आणि ते ठरविणे हे समीक्षकाचेच कार्य आहे.