मेनोच्या घरचा मुलगा आणि आपलं ‘समजलं ना?’

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस भूमिती कधीच न शिकलेल्या एका गुलाम मुलाला भूमिती शिकवतो. प्रश्नोत्तर पद्धतीचा आदर्श म्हणून हा प्रसंग आपण सांगत असतो. मला तो आदर्श वाटत नाही, निदान सगळा तरी नाही. नीट वाचा. मुलाची बहुतेक उत्तरं ‘होय’ एवढीच आहेत. उत्तर प्रश्नातच भरलेलं! मीही तीस वर्षं ‘समजलं ना?’ विचारत आलो आणि पोरं ‘हो सर’ म्हणत आली.

पण एक जागा अस्सल आहे. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवाय. मुलगा ठामपणे म्हणतो, बाजू चार. सॉक्रेटिस त्याला ‘चूक’ म्हणत नाही, आकृतीवर मोजायला लावतो. हवेत आठ, भरतात सोळा. मग मुलगा म्हणतो तीन, भरतात नऊ. आता तोच कबूल करतो, मला माहीत नाही. शिकवणं झालं ते इथे. पुढे कर्ण सॉक्रेटिसच काढून देतो आणि ‘होय, होय’ परत सुरू.

आपण नेमका हा शेवटचा भाग उचलला. मुलांना चुकू द्यायला तास पुरत नाही, असं शिक्षक मला सांगतात. अहो, पंचेचाळीस मिनिटांत सोळा चौकोन मोजून होतात!