नांगर आणि अहिंसा : सांगलीच्या जैन जीवनाविषयीच्या एका रूढ समजाची चिकित्सा

जैन म्हणजे व्यापारी, ही समजूत मराठी व्यवहारात इतकी रुळलेली आहे की तिला पुराव्याची गरज आहे असे सहसा कोणास वाटत नाही. समाजशास्त्रात तिला भारदस्त आधार मिळाला तो मॅक्स वेबर यांच्या भारतीय धर्मांविषयीच्या प्रबंधामुळे. १९१६-१७ मध्ये जर्मन भाषेत प्रथम प्रसिद्ध झालेला हा प्रबंध १९५८ साली इंग्रजीत आला आणि त्याचा वाचकवर्ग पुष्कळच विस्तारला. वेबर यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : नांगराच्या फाळाखाली भूमीतील जीव मरतात, म्हणून अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या गृहस्थाला शेती वर्ज्य ठरली आणि व्यापार हाच त्याच्या धर्माशी जुळणारा व्यवसाय उरला. जैन हा व्यापाऱ्यांचा पंथ बनला तो या कारणाने. तर्क सुबक आहे. तथापि सांगली शहर आणि त्याभोवतीचा कृष्णा-वारणेचा प्रदेश यांच्या कसोटीवर तो टिकत नाही. तो टिकत नाही एवढे दाखविणे सोपे आहे. तो कोणत्या ठिकाणी मोडतो हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरेल.

सांगली १८०१ पासून पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. पुढे हळदीची बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक वाढला आणि त्या पेठेत गुजराती व मारवाडी व्यापारी स्थिरावले. त्यांतील श्वेतांबर जैनांमुळे शहराला देरासर, उपाश्रय, संवत्सरी हे शब्द परिचित झाले. परंतु शहराच्या सभोवारच्या खेड्यांत त्यापूर्वीपासून नांदत आलेला जैन समाज निराळा आहे. तो दिगंबर आहे, त्याची भाषा मराठी आहे, सीमेकडे ती कानडीही आहे, आणि त्यातील फार मोठा भाग शेतकरी आहे. चतुर्थ हे तर मुख्यतः शेतकरीच. पंचमांत शेती व व्यापार दोन्ही आढळतात. कासार जैनांचा परंपरागत व्यवसाय भांड्यांचा व बांगड्यांचा. चतुर्थांचे भट्टारकपीठ नांदणीस आणि पंचमांचे कोल्हापुरास आहे. विलास संगवे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या जैन समाजाच्या सामाजिक पाहणीत दक्षिणेतील या शेतकरी जैनांची नोंद आहे. मायकेल कॅरिदर्स यांनी १९८०च्या दशकापासून कोल्हापूर परिसरातील दिगंबर समाजावर केलेले लेखनही याच वस्तुस्थितीकडे लक्ष वेधते. म्हणजे माहिती उपलब्ध नव्हती असे नाही. ती उपलब्ध असूनही मूळ सिद्धान्त हलला नाही. सांगलीचा शेतकरी जैन 'अपवाद' या सदरात टाकला गेला एवढेच.

हा समाज अपवाद आहे की स्वतंत्र परंपरा, याचा निर्णय करण्यास भाषेची साक्ष उपयोगी पडते. दक्षिण महाराष्ट्रात जिनमंदिरास 'बस्ती' म्हणतात. संस्कृत 'वसति' या शब्दाचे कानडीत 'बसदि', 'बस्ति' असे रूप झाले आणि तेथून ते मराठीत आले. बस्तीतील पूजाविधी करणारा तो 'उपाध्ये'. जुन्या पिढीतील पुरुषांची नावे आदगोंडा, बाळगोंडा, नेमगोंडा अशी. त्यांतील 'गोंडा' हे उत्तरपद कानडीतील 'गौड', म्हणजे गावचा प्रमुख, या शब्दाचे रूप होय. नेमगोंडा या एकाच नावात नेमिनाथ तीर्थंकर आणि गावकीचा मान यांची जोडणी झालेली आहे. आडनावांतही पाटील, चौगुले, देसाई ही वतनांशी व गावगाड्याशी निगडित नावे विपुल आहेत. याउलट शहा, मेहता, कोठारी या आडनावांमागे सावकारी, हिशेब आणि कोठार यांचे जग उभे आहे. एका समाजाची प्रतिष्ठा जमिनीतून निर्माण झाली, दुसऱ्याची पेढीतून, असा अर्थ यातून निघतो.

मात्र या पुराव्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. आडनाव आजचा व्यवसाय सांगत नाही. आणि 'शहा' हे आडनाव गुजरातेतून आलेल्या हुमड दिगंबरांतही आढळते. 'गोंडा' हे पद जैनांचेच नव्हे, ते या भागातील लिंगायतांतही आहे. अण्णा, अप्पा, अक्का ही संबोधने तर सर्व जातींत चालतात. पण ही मर्यादाच मुख्य मुद्द्यास पुष्टी देते. येथील जैनाची भाषा त्याच्या शेजाऱ्याच्या भाषेहून वेगळी पडत नाही. तो या भूमीवर बाहेरून येऊन दुकान मांडलेला नाही. त्याची धर्मभाषा प्राकृत-संस्कृताची असली तरी लोकव्यवहाराची भाषा गावाचीच आहे.

आता सिद्धान्ताकडे वळावे. जैन शास्त्राने शेतीचा निषेध केला, हे विधान कोणत्या शास्त्रास अनुलक्षून केले जाते? बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे आणि तीत भूमी खणण्याफोडण्यावर चालणारी उपजीविका येते. वेबर यांच्या तर्काला ही यादी अनुकूल आहे यात संशय नाही. परंतु नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळी, जिनसेनाने रचलेल्या 'आदिपुराणा'त प्रथम तीर्थंकर ऋषभदेव लोकांना उपजीविकेची सहा साधने शिकवितात : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. यांत कृषीचे स्थान वाणिज्याच्या बरोबरीचे आहे, आणि ती शिकविणारा खुद्द तीर्थंकर आहे. दिगंबर परंपरेत 'आदिपुराणा'चे वजन किती मोठे आहे हे सांगावयास नकोच. याशिवाय गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानण्यात येतात. जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी हिंसा; गृहस्थाने तिचा सर्वथा त्याग करावयाचा असतो. घरकामात, उपजीविकेत व स्वसंरक्षणात घडणारी हिंसा शक्य तितकी कमी करावयाची असते. नांगरणी या व्यवस्थेत उद्योगी हिंसेत मोडते. ती दोषमुक्त नाही, पण धर्मबाह्यही नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. दिगंबर श्रावकाचारांतही कठोर व्यवसायांविषयी नापसंती आहे. तेराव्या शतकातील आशाधराच्या 'सागारधर्मामृता'त तिची चर्चा येते. तेव्हा श्वेतांबर म्हणजे शेतीविरोधी आणि दिगंबर म्हणजे शेतीचे समर्थक, अशी सरळ विभागणी करणे चुकीचे होईल. तशी ती येथे अभिप्रेतही नाही. मुद्दा असा की शास्त्रात दोन्ही दिशांची वचने आहेत आणि त्यांतील कोणत्या वचनाला जीवनात वजन यावयाचे हे प्रदेश, जमीन व इतिहास यांनी ठरविले. वेबर यांनी एका बाजूचे वचन हे कारण मानले आणि व्यवसाय हे त्याचे कार्य मानले. कृष्णाकाठची वस्तुस्थिती पाहता हा कार्यकारणभाव उलट दिशेनेही वाहू शकतो असे म्हणावे लागते.

मग अहिंसेचा या शेतकऱ्याच्या जीवनावर परिणाम नाही काय? आहे, पण तो व्यवसायाच्या त्यागात नव्हे, व्यवसायाच्या आतल्या संयमात शोधला पाहिजे. आचार्य शांतिसागर महाराजांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८७२ साली जन्मलेले सातगोंडा पाटील हे बेळगाव जिल्ह्यातील भोज येथील शेतकरी घराण्यातले. सांगलीजवळच्या समडोळी येथे १९२४ साली त्यांना आचार्यपद मिळाले, आणि १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला. विसाव्या शतकातील दिगंबर मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवन त्यांच्यापासून गणले जाते. त्यांच्या घरी कापडाचे लहान दुकानही होते आणि चरित्रकार त्याचा उल्लेख करतात. तरी त्यांच्या जीवदयेची आठवण म्हणून जी कथा सांगितली जाते ती शेतातली आहे : पिकावर उतरलेल्या पाखरांना ते हाकलीत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवीत. कथेचा ऐतिहासिक तपशील कसाही असो; या समाजाने अहिंसेची परीक्षा कोठे होते असे मानले, ते तिच्यावरून कळते.

हळदीचे उदाहरण याहून साधे आहे. ओली हळद हे कंदमूळ. कडक नियम पाळणाऱ्या घरात ती चालत नाही, वाळलेले हळकुंड मात्र चालते. ती जमिनीतून काढणारा जैन दिगंबर शेतकरी असतो, तिचा सौदा करणारा जैन बहुधा पेठेतला व्यापारी. हरिपूरची हळदीची पेवे २००५च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली, पण या दोन जैनांमधील व्यवहार चालूच आहे. एकाच पिकाशी दोघांचा संबंध येतो. 'जैनाने शेती टाळली' या सूत्रात त्यांपैकी एकच मावतो.

भाद्रपदातही हे द्वैत दिसते. श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण संवत्सरीस संपते आणि त्याच सुमारास, शुद्ध पंचमीस, दिगंबरांचे दहा दिवसांचे दशलक्षण पर्व सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. पंचमीला शेजारच्या हिंदू घरांत ऋषिपंचमी असते; त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य. नांगराविषयीचा संकोच हा केवळ जैनांचा नाही, ही गोष्ट या योगायोगाने सहज ध्यानात यावी.

या चर्चेचे मोल केवळ ग्रंथगत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १४ लाख जैनांची नोंद झाली. कोणत्याही राज्यातील ही सर्वांत मोठी संख्या. जानेवारी २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य म्हणून मान्यता मिळाली. जनगणनेचा रकाना आणि कायद्याची संज्ञा या दोहोंत 'जैन' हा शब्द एकच आहे. तो एक असावा हे न्याय्यही आहे. पण त्या एका शब्दाचे चित्र पेढीवरून रंगविले गेले तर शेतकरी जैन स्वतःच्या दृष्टीनेही अर्धा जैन ठरतो. भाषेत याची चाहूल लागली आहे. दशलक्षण पर्वास 'पर्युषण' म्हणणे रूढ होत आहे, 'बस्ती'च्या जागी 'मंदिर' येत आहे आणि गोंडान्त नावे नव्या पिढीत विरळ झाली आहेत. 'मिच्छामि दुक्कडम्' हे क्षमायाचनेचे वचन दिगंबर घरांतूनही ऐकू येते. तेच सूत्र दिगंबर प्रतिक्रमणातही असल्यामुळे ते परके नाही. पण ते घरात येते ते बहुधा स्वतःच्या प्रतिक्रमणातून नव्हे, शेजाऱ्याच्या अभिवादनातून.

हा समाज स्वतःविषयी पूर्वी असा साशंक नव्हता. १८९९ साली स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, म्हणजेच पुढची दक्षिण भारत जैन सभा, हिने खेड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे काढली. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था स्थापन केली तेव्हा तिला 'रयत' हे नाव दिले. पुढे साताऱ्यास तिचा विस्तार झाला. त्या नावात शेतकरी आहे आणि तो कोणत्याही एका धर्माचा नाही.

मराठी विभागांपुढील काम यावरून स्पष्ट होते. जैन अहिंसेचा अर्थ संस्कृत-प्राकृत ग्रंथ आणि त्यांची इंग्रजी विवेचने यांवरूनच लावण्याची पद्धत अपुरी आहे. पंधराव्या शतकातील गुणकीर्तीच्या 'धर्मामृत' या मराठी गद्यग्रंथापासून सभेच्या 'प्रगति आणि जिनविजय' या मुखपत्रापर्यंत श्रावकधर्माचा विचार मराठीत झालेला आहे. त्यातील शब्दसंग्रह, आणि त्याच्या जोडीस बस्त्यांतून व शेतांतून आज बोलला जाणारा शब्दसंग्रह, पद्धतशीरपणे गोळा झाला पाहिजे. जुनी नावे धारण करणारी पिढी वृद्ध आहे. तेव्हा या कामास फार अवधी नाही.